मतदार यादीत नाव नाही, म्हणून घरकुलही नाही?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

मी मराठवाड्यातल्या ऊसतोड पट्ट्यातल्या एका लहान गावची सरपंच आहे. महिला राखीव जागेवर निवडून आले, पण कारभार मीच बघते, नुसती सहीपुरती नाही. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव येणार आहे. ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत नाही त्याला ग्रामपंचायतीचा कुठलाही दाखला द्यायचा नाही, घरकुलाच्या यादीत त्याचं नाव धरायचं नाही आणि निराधार पेन्शनच्या अर्जाला शिफारस द्यायची नाही. उपसरपंचांनी हे सुचवलं आणि बहुतेक सदस्यांना पटलंही. पुण्या-मुंबईला राहणारे लोक योजना आली की गावात उगवतात, त्यांना चाप बसेल असं सगळ्यांचं म्हणणं. मलाही आधी बरं वाटलं, कारण तरुण पोरं नाव नोंदवायला कंटाळा करतात, ती या निमित्ताने नोंदवतील. पण आमच्या गायरानात पारध्यांची काही घरं आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची नावं यादीत नाहीत. माझ्या सख्ख्या जावेचं नाव लग्नाला सहा वर्षं होऊनही माहेरच्याच यादीत आहे. सासरे म्हणतात, विरोध केलास तर पुढच्या खेपेला पडशील. ठराव होऊ द्यावा का? की नाव नोंदवायला मुदत देऊन मधला मार्ग काढावा?

उत्तर

सरपंचताई,

तुमची एक गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे आणि तिच्यापासूनच सुरुवात करते. मतदार यादीत नाव असणं ही फार मोलाची गोष्ट आहे. ज्या वस्तीत मतं नाहीत, त्या वस्तीत नळ सगळ्यांत शेवटी येतो. खांबावरचा दिवा गेला तर तो कोण बदलणार, हा प्रश्नही कुणाला पडत नाही. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार ज्या दारावर जातच नाही, त्या दारातल्या माणसाचं गाऱ्हाणं पुढची पाच वर्षं कोण ऐकणार? त्यामुळे गावातल्या प्रत्येक पात्र माणसाचं नाव यादीत आलं पाहिजे, ही तुमची तळमळ मला मनापासून पटते. या ठरावाने ते होईल का, आणि होईपर्यंत कोणाची चूल विझेल, एवढंच आपल्याला तपासायचं आहे.

आधी उपसरपंचांची तक्रार घेऊ, कारण ती खोटी नाही. बाहेरगावी पक्कं घर असलेला माणूस गावात घरकुल घेऊन कुलूप लावून जातो आणि शेजारची विधवा पत्र्याखाली राहते. हे बघून चीड येणारच. पण ताई, या माणसाचं नाव तुमच्या गावच्या मतदार यादीत नाही, असं कशावरून? उलट बहुतेक ठिकाणी असतंच. मतदानाच्या आदल्या रात्री पुण्याहून गाड्या भरून कोण येतं, त्यांच्या डिझेलचे पैसे कोण देतं, हे तुमच्या सदस्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नोकरी चिंचवडला, संसार चिंचवडला, आणि नाव मात्र गावात जपून ठेवलेलं. तुमच्या ठरावाच्या चाळणीतून हा माणूस सुखरूप खाली उतरेल. अडकेल कोण? जी बारा महिने गावात राहते पण जिचं नाव माहेरी आहे ती सून. कोयता घेऊन कारखान्यावर गेलेलं जोडपं. आणि गायरानातली ती घरं. ज्याला अडवायचं तो आत आणि ज्याला द्यायचं तो बाहेर, असा हा प्रकार होईल.

माझं सांगणं तुम्हाला पटवून घ्यायची गरज नाही. ग्रामपंचायतीत मतदार यादी असेलच. ती घ्या, अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला सोबत घ्या आणि एका संध्याकाळी वस्तीवस्तीने फिरा. घरात राहणारी अठरा वर्षांवरची माणसं एका कागदावर आणि यादीतली नावं दुसऱ्या कागदावर लिहा. नाव नसलेल्यांत कंटाळा करणारी पोरं किती आणि लग्न होऊन आलेल्या, परतलेल्या, टाकलेल्या, निरक्षर बायका किती, ते स्वतः मोजा. तो कागद ग्रामसभेत तुमच्या हातात असला, तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं, ती सांगते. ग्रामसभा म्हणजे गावात राहणारे सगळे, असं आपण बोलतो. कायद्यात तसं नाही. राज्यघटनेच्या २४३व्या अनुच्छेदात ग्रामसभेची व्याख्या आहे, ती गावच्या मतदार यादीत नोंदलेल्या माणसांची सभा अशी. म्हणजे हा ठराव ज्यांच्या पोटावर येणार आहे, त्यांच्यातल्या एकालाही त्यावर हात वर करता येणार नाही. ज्यांची नावं आहेत ते बसून ठरवणार की ज्यांची नाहीत त्यांना काही द्यायचं नाही. मतदान घेतलं तर ठराव भरघोस मतांनी पास होईल आणि त्या भरघोसपणाला काडीचा अर्थ नसेल. सभेच्या अध्यक्ष तुम्ही आहात. मत देता आलं नाही तरी त्या लोकांना सभेत बोलावून घ्या, पुढे बसवा, बोलू द्या. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचीच असते, तिथेही हा विषय काढा. सुना जेवढं तिथे बोलतील तेवढं सासऱ्या-दिरांसमोर बोलणार नाहीत.

ग्रामसभेने ठरवलं की झालं, असंही तुमच्या पत्रात गृहीत धरल्यासारखं वाटलं. ग्रामसभा मोठी आहे, पण योजना कुणाला द्यायची याचे निकष ती आपल्या मनाने वाढवू शकत नाही. रेशनचा हक्क २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिला आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. त्यात मतदार यादीचा उल्लेख नाही. घरकुलाची यादी कच्चं घर, बेघरपणा अशा निकषांवर तयार होते. ग्रामसभेने त्या यादीतल्या कुटुंबांचा क्रम तपासायचा आणि अपात्र माणूस दिसला तर कारण देऊन हरकत घ्यायची. 'मतदार नाही' हे त्यातलं कारण नाही. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज तहसीलला जातात आणि तिथे उत्पन्न, वय, आजार, वैधव्य, राज्यातलं वास्तव्य या गोष्टी बघतात. लाडक्या बहिणीच्या वेळी गावोगाव गैरसमज पसरला होता की मतदार कार्ड नसेल तर फॉर्मच भरता येत नाही. प्रत्यक्षात अधिवासाच्या दाखल्याला पर्याय म्हणून जी कागदपत्रं चालत होती, त्यांत पंधरा वर्षांपूर्वीचं मतदार कार्ड हे एक होतं. त्याच्या जोडीला जुनं रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखलाही चालत होता. पुरावा म्हणून एखादं कार्ड चालणं वेगळं आणि तेच कार्ड असल्याशिवाय दारात उभं न करणं वेगळं. तुमचा ठराव दुसऱ्या जातीचा आहे.

दाखल्यांचं तर आणखी सरळ आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंदणी, नमुना ८चा उतारा अशा ग्रामपंचायतीच्या सेवा त्याखाली मुदतीत द्यायच्या आहेत. कारण नसताना अडवलं तर ५०० ते ५,००० रुपये दंड होतो, आणि तो संबंधित अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो. तुमच्या ग्रामसेवकाला, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, हे पक्कं माहीत असणार. तो 'मतदार यादीत नाव नसल्याने दाखला नाकारला' असं कधीही लिहून देणार नाही. तोंडी सांगेल, "ठराव झालाय बाई, आधी नाव लावा." आणि तोंडी नकार हा गरिबाला सगळ्यांत महागात पडतो, कारण त्यावर अपील करायला हातात कागदच नसतो. उद्या कुणी गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार केलीच, तर इतिवृत्तावर अध्यक्ष म्हणून सही तुमची असेल. ठराव सुचवणाऱ्यांना कुणी विचारायला जाणार नाही.

अट घातली की लोक हलतात, हा युक्तिवाद तुमच्या सभेत नक्की होईल आणि तो उडवून लावू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लसीचा एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन, पेट्रोल, गॅस देऊ नये असे आदेश निघाले होते. घरपट्टी भरल्याशिवाय दाखला नाही, हे तर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. अटीने रांग लागते, मान्य. पण लस घ्यायची तर माणूस केंद्रावर जाऊन घेऊ शकत होता. मतदार यादीत नाव लागणं अर्जदाराच्या हातात नसतं. तो अर्ज करतो. पुढे बीएलओ, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी, घरी आला का, त्याने काय शेरा मारला, नोंदणी अधिकाऱ्याने काय ठरवलं, हे सगळं दुसऱ्यांच्या हातात.

आणि लागलेलं नाव टिकेल याचीही खात्री नसते. बिहारमध्ये २०२५ साली याद्यांची विशेष सखोल पडताळणी झाली. १ ऑगस्टला जी प्रारूप यादी आली, तिच्यात आधीच्या यादीतली सुमारे ६५ लाख नावं नव्हती. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणं दिली गेली. शेवटी कोणाची नावं का गळली, ते कारणासह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. यादी स्वच्छ करणं हे निवडणूक आयोगाचं काम आहे आणि त्याबद्दल मतभेद असू शकतात. पण विचार करा, ज्या गावात रेशन आणि घरकुल त्या यादीला बांधलेलं असेल, तिथे नाव गळलेल्या माणसाचं मत जाईल आणि त्याच फटक्यात भाकरीही जाईल.

गावपातळीवर तर याहून सोपं आहे. फॉर्म ७ भरून कोणताही मतदार आपल्या मतदारसंघातल्या दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो. बांधाच्या भांडणातून, भावकीच्या वादातून असे फॉर्म भरले जातात. आज त्याने फार तर सुनावणीची नोटीस येते आणि धावपळ होते. तुमचा ठराव झाला तर त्याच फॉर्मने एखाद्याची पेन्शन अडवता येईल. हे हत्यार कुणाच्या हातात द्यायचं, याचा विचार तुमच्या सदस्यांनीही करावा, कारण पुढच्या निवडणुकीनंतर ते सत्तेत असतीलच असं नाही.

आणखी एक धोका आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० प्रमाणे एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी हवं. अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घरकुलाच्या आशेने पुण्यात नाव असलेला माणूस गावात नवा फॉर्म ६, म्हणजे पहिल्यांदा नाव नोंदवायचा अर्ज, भरेल आणि 'माझं नाव दुसरीकडे नाही' यावर बिनधास्त सही करेल. दुबार मतदारांवरून राज्यात किती रणकंदन झालं ते आपण पाहिलंच. तुमचा ठराव अशी दुबार नावं तयार करील, आणि खटला झाला तर बळी जाईल तो फॉर्म न वाचता सही करणारा.

याहून खोल एक गोष्ट आहे, ती कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. आपल्याकडे गरीब माणसाला आजही भीती असते की आपण कुणाला मत दिलं ते 'त्यांना' कळतं. मत गुप्त असतं हे कितीही सांगा. योजनेचा कागद आणि मतदार यादी एका टेबलावर, एका अटीने बांधली की त्या भीतीला ग्रामपंचायतीचा शिक्का बसतो. ज्याने नाव लावून दिलं त्याचे उपकार होतात आणि उपकाराची परतफेड कुठे मागितली जाते ते तुम्ही जाणता. मत न देण्याचीही माणसाला मोकळीक आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने 'नोटा'चं बटण द्यायला लावलं, ते याच विचाराने. गुजरातने स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करणारा कायदा केला, २०१५ मध्ये १०० रुपये दंडाचे नियमही काढले, आणि लगेच गुजरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तिथे प्रश्न १०० रुपयांचा होता. तुमच्या ठरावात प्रश्न छपराचा आहे.

मग नावनोंदणी आणि योजना यांचा काहीच संबंध ठेवायचा नाही का? ठेवायचा, पण अटीशिवाय. अमेरिकेत १९९३ साली झालेला एक कायदा मला यासाठी फार शहाणपणाचा वाटतो. सरकारी मदत देणाऱ्या कार्यालयांनी तिथे येणाऱ्या प्रत्येकाला 'तुम्हाला मतदार म्हणून नाव नोंदवायचं आहे का' हे विचारायचं, फॉर्म द्यायचा, भरायला मदत करायची. आणि त्याच कागदावर स्पष्ट छापायचं की तुम्ही नोंदणी केली काय किंवा नाकारली काय, मिळणाऱ्या मदतीत काही फरक पडणार नाही. टेबल एकच, माणूस एकच, तरी दोन्ही कामं एकमेकांना अडवत नाहीत. तुमच्या गावाला नेमकं हेच जमू शकतं.

तुम्ही मुदतीचा मधला मार्ग विचारलात. तो घेऊ नका. तीन महिन्यांत नाव लावा, नाहीतर लाभ बंद, ही तीच अट आहे, फक्त तारीख पुढची. नुसता विरोध करून घरी येऊ नका, हेही तितकंच खरं. विरोध केला की सासऱ्यांची भीती खरी होईल, कारण उपसरपंच म्हणतील, बाहेरच्यांना सरपंचबाईंचं अभय आहे. तुम्ही स्वतःचा ठराव घेऊन जा. मसुदा साधा ठेवा:

*"गावातील प्रत्येक पात्र रहिवाशाचे नाव मतदार यादीत यावे यासाठी ग्रामपंचायत कार्यालयात नोंदणी शिबिर घेण्यात यावे. दाखला किंवा योजनेसाठी येणाऱ्या प्रत्येकास नावनोंदणीबाबत विचारून मदत करावी. नाव यादीत असण्या-नसण्याचा कोणत्याही दाखल्यावर किंवा लाभावर परिणाम होणार नाही, असा फलक कार्यालयात लावावा. घरकुलासाठी निवड झालेल्या कुटुंबांची प्रत्यक्ष राहत्या ठिकाणी पाहणी करून अहवाल ग्रामसभेत वाचण्यात यावा."*

शेवटचं वाक्य उपसरपंचांसाठी आहे. त्यांच्या तक्रारीचा खरा इलाज तोच. घर कुलूपबंद आहे का, चूल पेटते का, पोरं कुठल्या शाळेत जातात, हे पाहणीत कळतं, मतदार यादीत कळत नाही. घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो काढून मिळतात, तेव्हा जागेवर जावंच लागतं. त्याच फेरीत ही चौकशी होऊ शकते. पाहणीच्या समितीत उपसरपंचांनाच घ्या. सभेच्या आधी त्यांच्या घरी जाऊन हे बोला. चारचौघांत पाडलेला ठराव ते विसरणार नाहीत. त्यांच्या नावाने सुधारून मांडलेला ठराव मात्र ते स्वतःच पुढे नेतील.

शिबिराची वेळ फार महत्त्वाची. याद्यांची वार्षिक उजळणी बहुतेक वर्षी दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि जानेवारीत अंतिम यादी येते. तेव्हा तुमचं अर्धं गाव कारखान्याच्या फडावर असतं. बीएलओ दारात येतो, कुलूप बघतो, 'स्थलांतरित' लिहून जातो. ऊसतोड कामगारांची नावं गळण्याचं हे फार मोठं कारण आहे. कायदा त्यांच्या बाजूचा आहे. तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचं 'सर्वसाधारण रहिवासी' असणं संपत नाही, असं १९५०च्या कायद्यात स्पष्ट आहे. म्हणून १५ ऑगस्ट ते दसरा हा काळ पकडा, टोळ्या गावात असतानाच. बीएलओला, तो शाळेतला गुरुजी असेल किंवा अंगणवाडी सेविका, सांगून ठेवा की कुलूप दिसलं तर शेरा मारण्याआधी मुकादमाला किंवा घरच्या म्हाताऱ्यांना फोन करायचा. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे सतरा पूर्ण झालेली पोरंही आगाऊ अर्ज करू शकतात. बारावीच्या वर्गात जाऊन फॉर्म वाटले तर त्यांच्या कंटाळ्याचा प्रश्न एका दिवसात सुटेल.

तुमच्या जावेसाठी नवा फॉर्म ६ भरू नका. तिचं नाव आधीच एका यादीत आहे, म्हणून पत्ताबदलाचा फॉर्म ८. माहेरच्या यादीतलं नाव वेगळं काढायला लागत नाही, ते त्याच अर्जात होतं. सासरचं आडनाव लावलंच पाहिजे अशी सक्ती नाही, माहेरच्या नावानेही नोंद होते. आणि आधी तिला विचारा. सहा वर्षांत कुणी फॉर्म आणून दिला होता का? की लग्नाची नोंदच झाली नाही, आधारवर जुनाच पत्ता आहे आणि तालुक्याला घेऊन जायला घरात कुणाला सवड नाही? सुनांच्या बाबतीत बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं, आणि घरच्या पुरुषांनी एक दिवस मोडला की ते सुटतं.

गायरानातल्या घरांबद्दल मला जरा स्पष्ट विचारू द्या. हा ठराव मुळात त्यांच्यासाठीच तर नाही ना? पुण्यावाल्यांचं नाव पुढे आणि नेम वस्तीवर, असं अनेक गावांत होतं. त्यांची नावं यादीत आली की जागेवर हक्क सांगतील, ही भीती त्यामागे असते. ही भीती तुम्ही सभेत उघड बोलून दाखवा आणि उत्तर द्या: मतदार यादीत नाव लागल्याने गायरानाची मालकी मिळत नाही. तो महसुलाचा वेगळा विषय आहे. पारधी आणि इतर जमातींवरचा जन्मजात गुन्हेगार हा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ला पुसला गेला, पण कागद आजही त्यांच्या हाती लागत नाही, कारण प्रत्येक कागदाला आधीचा एक कागद लागतो. मतदार नोंदणीत मात्र त्यांच्यासाठी वाट आहे. ज्याला घर नाही, राहण्याचा पुरावा नाही, त्याच्या बाबतीत बीएलओने रात्री जाऊन तो माणूस तिथे खरंच झोपतो का हे बघायचं, आणि तसं आढळलं तर पत्त्याचा कागद मागायचा नाही, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. त्या रात्री बीएलओसोबत तुम्ही जा. सरपंच बरोबर असली की कुत्री भुंकतात, पण माणसं पळून जात नाहीत.

सासऱ्यांच्या बोलण्याचा राग धरू नका. त्यांनी गावचं राजकारण पाहिलं आहे. पण त्यांच्याच हिशेबाने बघा. शिबिरात ज्या पन्नास-शंभर जणांची नावं लागतील, ती ग्रामपंचायतीच्या पुढच्या निवडणुकीतली मतं आहेत. त्यांनी तुम्हालाच मत द्यावं अशी अपेक्षा तोंडावर आणू नका आणि कुणाला आणू देऊ नका. पण ज्यांनी त्यांना अडवायचा ठराव आणला आणि ज्यांनी टेबल मांडलं, यातला फरक त्यांना सांगावा लागणार नाही. तरीही पडलात तर पडलात. हा ठराव मंजूर करून निवडून येण्यापेक्षा ते तुम्हाला जास्त सोसवेल, असं तुमच्या पत्राच्या सुरावरून मला वाटतं.

या सदराच्या इतर वाचकांपैकी कुणाला गावात किंवा शहरात 'मतदार यादीत नाव दाखवा, मगच सही' असं ऐकावं लागत असेल, तर वाद घालत बसू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नकाराचं कारण त्याच अर्जावर लिहून मागा. सेवा लोकसेवा हक्क कायद्याखालची असेल तर पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे ३० दिवसांत करायचं असतं. 'आपले सरकार'वरूनही अर्ज करता येतो, त्याने तारखेचा पुरावा आपोआप राहतो. घरकुल, रेशन, पेन्शनबाबत गटविकास अधिकारी किंवा तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा आणि त्यात ठरावाची प्रत जोडा. प्रत देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. नाव लावायचा अर्ज नाकारला गेला असेल तर नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील करता येतं, ही मुदत चुकवू नका. फॉर्म कोणता भरायचा ते कळत नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन लावा, मराठीत सांगतात.